पारंपरिक वस्तीची मापं: नवी वस्ती पायी चालण्याजोगी कशी आखावी

जुन्या वस्तीत गेलं की नजर आधी कमानींवर, कौलांवर, लाकडी कठड्यांवर जाते. वस्ती आखणाऱ्याने मात्र टेप काढावी. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत रस्ता किती रुंद आहे, एका दारापासून पुढचं दार किती अंतरावर आहे, दोन नाक्यांमध्ये किती पावलं पडतात, हे मोजावं. तिथली माणसं पायी का फिरतात याचं उत्तर या आकड्यांत असतं. हेच आकडे धरून काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती उभ्या केल्या तरी रस्त्यावर वर्दळ राहते. आकडे सोडून नुसत्या कमानी उचलल्या, तर दूध आणायलाही गाडी काढावी लागणारी आणखी एक कॉलनी तयार होते.

खालची पद्धत साधारण ३० ते ६० हेक्टरच्या सलग जमिनीसाठी आहे. ती शहराच्या कडेची मोकळी जमीन असो की बंद पडलेल्या कारखान्याची जागा. जमीन याहून लहान असेल तर खाली सांगितलेलं पायी अंतराचं वर्तुळ शेजारच्या वस्तीला धरून काढायचं. बाकीचं काम तेच.

वर्तुळ आणि त्यातलं खरं अंतर

धडधाकट माणूस पाच मिनिटांत सुमारे ४०० मीटर चालतो, आणि एवढ्यासाठी गाडी काढावी असं त्याला सहसा वाटत नाही. ४०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ५० हेक्टर जमीन येते. अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेलं वस्तीचं एकक १६० एकरांचं, म्हणजे जवळपास ६५ हेक्टरचं होतं आणि त्याचा आधारही हाच पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर होता. पेरींनी शाळा मध्यभागी ठेवली आणि दुकानं कडेच्या मोठ्या चौकांवर. पुढे वास्तुरचनाकार आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनी हा आराखडा सुधारून शाळा कडेला नेली आणि रोजच्या वापराची दुकानं मध्यभागी आणली. हा बदल योग्यच होता. मैदानासकट शाळेला चार-पाच हेक्टर जागा लागते. एवढा मोठा तुकडा मध्यभागी पडला तर सगळ्यात जास्त लोकांना जवळ पडणारी जमीन संध्याकाळी कुलपात जाते. कडेला असलेली शाळा शेजारच्या वस्तीलाही वापरता येते.

कंपासने काढलेलं वर्तुळ फसवं असतं, कारण माणूस रस्त्याने चालतो, सरळ रेषेत नाही. म्हणून केंद्रापासून आखलेल्या प्रत्येक रस्त्यावर ४०० मीटर मोजा, तिथे खूण करा, सगळ्या खुणा जोडा आणि आतलं क्षेत्रफळ काढा. काटकोनी जाळ्यात हा आकार शंकरपाळ्यासारखा येतो आणि वर्तुळाचा ६४ टक्के भाग, म्हणजे ३२ हेक्टर व्यापतो. बंद टोकाच्या गल्ल्यांच्या आराखड्यात हाच आकडा एक तृतीयांशाच्याही खाली जाऊ शकतो. ६० टक्क्यांच्या खाली आलात तर पुढचं काम थांबवून जाळं दुरुस्त करा. केंद्राकडे येणारा एखादा तिरपा रस्ता घाला, किंवा बंद टोकांना तीन-चार मीटर रुंदीचे पायी जायचे बोळ द्या. बोळ सरळ हवा, या टोकावरून ते टोक दिसायला हवं आणि त्यावर निदान काही खिडक्या उघडायला हव्यात. नाहीतर तिथे कचरा साचतो आणि अंधार पडल्यावर कोणी जात नाही.

केंद्र भूमितीच्या मध्यावरच हवं असा हट्ट नको. दुकान फक्त वस्तीतल्या गिऱ्हाइकावर चालत नाही, जाता-येता थांबणाऱ्यांवरही चालतं. त्यामुळे बस जिथून जाते त्या रस्त्यावर केंद्र ठेवा, मग ते मध्यापासून शे-दीडशे मीटर सरकलं तरी चालेल. भरधाव वाहतुकीचा महामार्ग मात्र वस्तीच्या कडेनेच जाऊ द्या.

नाके जवळ, ब्लॉक लहान

चारही बाजूंनी रस्ता असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे ब्लॉक. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या मध्यभागी ब्लॉकची बाजू २०० फूट, म्हणजे ६१ मीटर आहे. तिथल्याच सॉल्ट लेक सिटीत ६६० फूट, म्हणजे २०१ मीटर. पहिल्याला फेरी मारायला २४४ मीटर चालावं लागतं, दुसऱ्याला ८०४. इल्देफोन्स सेर्दा यांनी १८५९ मध्ये आखलेल्या बार्सिलोनाच्या विस्तारात बाजू सुमारे ११३ मीटर आहे आणि तिथे दाट वस्ती असूनही चालणं सोपं आहे. आमच्या मते परीघ ४५० मीटरच्या आत ठेवावा.

७० बाय १२० मीटरचा ब्लॉक कामाला चांगला पडतो. परीघ ३८० मीटर. मधून ६ मीटरची मागची गल्ली काढली तर दोन्हीकडे ३२ मीटर खोलीचे प्लॉट मिळतात. रस्ते १५ मीटरचे धरले तर रस्त्यासकट एका ब्लॉकला ८५ बाय १३५, म्हणजे साधारण १.१५ हेक्टर लागतात. त्यातली २७ टक्के जमीन रस्त्यांत जाते. ५० हेक्टरमधून १२ टक्के चौक, बागा आणि सार्वजनिक इमारतींना वेगळे काढले की ४४ हेक्टरांत ३८ ब्लॉक बसतात. १० मीटर रुंदीचे प्लॉट धरले तर ब्लॉकमध्ये २४, एकूण ९१२. यातल्या सहाशे प्लॉटवर एकेक घर, अडीचशेंवर दोन-दोन आणि केंद्राजवळच्या साठेक प्लॉटवर आठ-आठ फ्लॅट धरले, तर सोळाशेच्या आसपास घरं होतात. हा हिशोब कागदावर पहिल्याच दिवशी मांडा. दुकानं किती, बस परवडेल का, शाळेत मुलं येतील का, हे सगळं याच आकड्यावरून ठरतं.

जाळं तंतोतंत काटकोनी असायची गरज नाही. जमिनीचा उतार, जुनी झाडं, नाला यांना मान देऊन रस्ते वळवा, पण प्रत्येक टोक कुठेतरी जोडलेलं राहू द्या. पायी चालण्याच्या मुख्य रस्त्याला १:२० पेक्षा जास्त चढ नको, कारण चाकाच्या खुर्चीला तो जड जातो. टीच्या आकाराचे नाके चांगले. समोर इमारत आडवी आल्यामुळे वाहनं आपोआप हळू होतात. ती समोरची जागा वाचनालयासारख्या सार्वजनिक इमारतीसाठी राखा. तिथे ट्रान्सफॉर्मर किंवा पार्किंगचं प्रवेशद्वार येऊन बसणं ही नेहमीची चूक आहे, आणि ती रस्त्यावरून चालताना रोज डोळ्यांत खुपते.

रस्त्याचा छेद

छेद म्हणजे रस्ता आडवा कापल्यावर दिसणारी त्याची रचना. वस्ती चालती राहील की नाही, हे सगळ्यात जास्त इथे ठरतं. घरांमधल्या रस्त्यासाठी १५ मीटर हद्द पुरते. त्यात दोन्ही बाजूंना २ मीटरचा फुटपाथ, त्यापुढे १.७ मीटरची झाडांची पट्टी, एका बाजूला २.१ मीटरची पार्किंगची पट्टी आणि मध्ये २.७५ मीटरच्या दोन मार्गिका. कर्बपासून, म्हणजे रस्त्याकडेच्या उंच किनारीपासून, समोरच्या कर्बपर्यंत रस्ता ७.६ मीटर होतो. बस जाणाऱ्या रस्त्यावर मार्गिका ३ मीटरच्या करा. दुकानांसमोर फुटपाथ साडेतीन ते साडेचार मीटर हवा.

मार्गिका साडेतीन मीटरची केली तर चालक पाटीवरचा वेग पाळत नाही, रस्त्याची रुंदी सांगते तो वेग पकडतो. कोरड्या रस्त्यावर, ब्रेककडे पाय जायला एक सेकंद धरला, तर ताशी ३० किलोमीटरच्या वेगात गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगात २८ मीटर लागतात. चेंडूमागे धावलेलं मूल २० मीटरवर असेल तर या फरकाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता कोपरा. कर्बच्या वळणाची त्रिज्या नकाशावर बारीक दिसते, म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. वरच्या छेदात फुटपाथची मध्यरेषा कर्बच्या आत २.७ मीटरवर येते. त्या रेषेत सरळ चालणाऱ्याला ३ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यावर ७.६ मीटरच रस्ता ओलांडावा लागतो. त्रिज्या ९ मीटर केली की दोन्ही बाजूंना कर्ब मागे हटतो आणि ओलांडायचं अंतर १२.७ मीटर होतं. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना आधी साडेनऊ सेकंद लागत होते, आता सोळा लागतात. आणि त्याच वेळी वळणारी गाडी वेग फारसा न उतरवता वळते. म्हणून घरांच्या रस्त्यांवर त्रिज्या ३ मीटर, बसच्या वळणावर साडेचार, याहून जास्त द्यायची तर लेखी कारण मागा. मोठ्या वाहनाला वळायला जागा लागते हे खरं, पण ती त्रिज्या वाढवल्याशिवायही मिळते: कोपऱ्यापासून सहा-सात मीटर पार्किंग बंद ठेवा आणि समोरून येणाऱ्यांची थांबण्याची रेषा तीन-चार मीटर मागे ओढा. नाक्याच्या तोंडाशी पार्किंगची पट्टी फुटपाथात घेतली तर ओलांडायचं अंतर साडेपाच मीटरवर येतं.

अग्निशमनाचा बंब हा खरा अडथळा आहे आणि तो टाळून चालत नाही. बहुतेक नियमांत बंबासाठी सहा मीटरच्या आसपास मोकळी रुंदी मागतात. हे आधी विचारलं नाही तर अंतिम मंजुरीच्या वेळी सगळे रस्ते नऊ मीटर करा असा शेरा येतो आणि ब्लॉकपासून प्लॉटपर्यंत सगळं सरकतं. यावर उपाय असा: पार्किंगच्या पट्टीत दर ३० ते ४० मीटरवर १२ मीटरची मोकळी जागा सोडा, म्हणजे तिथे बंब उभा करून पाइप जोडता येतील, आणि लहान ब्लॉकमुळे प्रत्येक घराकडे दोन बाजूंनी पोचता येतं हे नकाशावर दाखवा. अग्निशमन अधिकाऱ्यांना पहिल्या आराखड्याच्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नाही.

झाडांच्या पट्टीत ८ मीटर अंतराने झाडं बसतात, पण १ बाय १ मीटरच्या खड्ड्यात, चारही बाजूंनी ठोकून घट्ट केलेल्या भरावात, ती वाढत नाहीत. मध्यम झाडाला निदान १० ते १२ घनमीटर सैल माती लागते. त्यासाठी पट्टीखालची माती सलग ठेवा. आणखी महत्त्वाचं म्हणजे रस्त्याच्या छेदाचा जमिनीखालचा भाग आधी काढा: मलवाहिनी रस्त्याच्या मध्ये, पावसाळी गटार कर्बलगत, जलवाहिनी पार्किंगच्या पट्टीखाली, वीज आणि इतर केबल मागच्या गल्लीत. छेद फक्त वरचा काढला की प्रत्येक खातं आपली लाइन रिकाम्या दिसणाऱ्या झाडांच्या पट्टीतूनच नेतं. दहा वर्षांनी खोदाईत मुळं तुटतात.

शेवटचं माप उंचीचं. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर इमारतीच्या उंचीच्या एकपट ते तीनपट असेल तर रस्ता खोलीसारखा बंदिस्त वाटतो; सहापटीच्या पुढे तो भाव उरत नाही. १५ मीटरचा रस्ता आणि दोन्हीकडे अडीच मीटर मार्जिन, म्हणजे इमारतीसमोरची मोकळी जागा, धरलं तर अंतर २० मीटर. दुमजली-तिमजली घरं इथे बरोबर बसतात, एकमजली बंगले नाहीत. चौकाचंही तसंच. भोवती तीन मजले असतील तर चौक ३५ ते ६० मीटर रुंद पुरे. समोरच्याचा चेहरा ओळखू येण्याचं अंतर वीस-पंचवीस मीटरच असतं. शंभर मीटरच्या चौकात शंभर माणसं असली तरी तो ओसाड दिसतो.

प्लॉट, दार आणि ओटा

एकाच रस्त्यावर ६, ९ आणि १२ मीटर रुंदीचे प्लॉट मिसळा. विक्री विभाग एका आकाराची घरं एका ठिकाणी मागेल, कारण जाहिरात सोपी होते. पण मिसळलेल्या रस्त्यावरच तरुण जोडपं, मोठं कुटुंब आणि एकटी राहणारी आजी एकमेकांच्या शेजारी येतात, आणि घर लहान पडलं तर वस्ती न सोडता बदलता येतं. इंग्लंडमधल्या पाउंडबरीत, जिथे लिऑन क्रिअर यांच्या आराखड्यावर १९९३ पासून बांधकाम सुरू झालं, परवडणारी घरं इतर घरांमध्ये अशी पेरली आहेत की दर्शनी भागावरून ती वेगळी ओळखू येत नाहीत. हे सद्भावनेवर सोडू नका. प्रत्येक टप्प्यात, प्रत्येक ब्लॉकमध्ये किती घरं परवडणारी असतील हे करारात आकड्याने लिहा, नाहीतर ती सगळी नाल्याकाठच्या कोपऱ्यात जमा होतात.

गाड्या मागच्या गल्लीतून आत येऊ द्या. ६ मीटरच्या गल्लीत साडेतीन मीटर फरसबंदी पुरे. सहा मीटरच्या प्लॉटला समोरून गॅरेज दिलं तर अर्धा दर्शनी भाग शटर खातं, कर्ब तोडावा लागतो, झाड जातं, रस्त्यावरची पार्किंगची जागाही जाते. म्हणजे एक गाडी आत घेण्यासाठी एक बाहेरची जागा घालवली, हाती काहीच लागलं नाही.

फ्रंट मार्जिनचा किमान आकडा देऊन भागत नाही. इमारत कुठे यायलाच हवी ती रेषा द्या: घरांसाठी फुटपाथपासून दोन ते तीन मीटर, दुकानांसाठी शून्य. घराचं जोतं ४५ ते ६० सेंटिमीटर उंच घ्या, म्हणजे फुटपाथवरून जाणाऱ्याची नजर थेट आत जात नाही आणि घरातले लोक पडदे उघडे ठेवतात. पायऱ्या न चढू शकणाऱ्यांसाठी मागच्या गल्लीतून सपाट वाट किंवा बाजूने रॅम्प सुरुवातीपासून आखा. ओटा किंवा व्हरांडा २.४ मीटर खोल हवा. सव्वा मीटरच्या व्हरांड्यात खुर्ची ठेवली की जायला जागा उरत नाही, मग तिथे कोणी बसत नाही.

दुकानाचा गाळा याच्या उलट: फरशी फुटपाथच्या पातळीला, उंची चार ते साडेचार मीटर, दर्शनी भागाचा निदान ६० टक्के भाग काचेचा, दर आठ-दहा मीटरवर एक दार. वरच्या घरांना रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेश द्या. आणि खानावळीच्या धुराचा नळ छतापर्यंत इमारत बांधतानाच काढून ठेवा. तो नसला की पुढे गाळा भाड्याने जात नाही, आणि गेला तर वरचे रहिवासी तक्रारी करतात.

गाळे किती? पायी अंतरावर हजारभर घरं असली तर कोपऱ्यावरचं एक रोजचं दुकान तग धरतं. आपल्या सोळाशे घरांवर असं एक दुकान, औषधं, केशकर्तन, एखादं चहाचं ठिकाण एवढंच चालेल, बाकीचं बसच्या रस्त्यावरच्या येण्या-जाण्यावर. पहिल्याच टप्प्यात तीस गाळे बांधले तर निम्म्यांची शटर बंद राहतात आणि वस्ती फसल्याची हवा होते. त्याऐवजी केंद्राभोवतीच्या इमारतींचा तळमजला चार मीटर उंचीचा बांधा. आज तिथे घर किंवा दवाखाना, मागणी वाढली की गाळा.

पार्किंगचा हिशोब

वळायच्या जागेसकट एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. ६० चौरस मीटरच्या घरामागे दोन गाड्यांची सक्ती असेल तर गाड्यांनाही तितकीच जागा द्यावी लागते, आणि वर सांगितलेला एकही ब्लॉक बसत नाही. म्हणून घरामागे किमान संख्येची अट काढून घेण्याचा प्रयत्न करा. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ती सगळ्या शहरातून काढली. अट निघत नसेल तर सामायिक पार्किंग मोजून घ्या: कार्यालयांची जागा रात्री घरांना मिळू शकते. खुलं पार्किंग इमारतींच्या मागे ठेवा, कोपऱ्याच्या प्लॉटवर कधीही नको. रस्त्यावरच्या जागा साधारण ८५ टक्के भरलेल्या असाव्यात, म्हणजे प्रत्येक ब्लॉकला एक-दोन रिकाम्या सापडतात. त्याहून जास्त भरत असतील तर शुल्क वाढवा, रस्ता रुंद करू नका.

नियम कागदावर

वापर वेगळे करणारं झोनिंग, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) आणि चारही बाजूंची मार्जिन, या तीन गोष्टींत वरचं जवळपास सगळं बेकायदा ठरतं. त्यामुळे वस्तीसाठी इमारतीच्या आकारावर बेतलेली स्वतंत्र नियमावली मंजूर करून घ्यावी लागते. मायामीने २००९ मध्ये अख्ख्या शहरासाठी अशी नियमावली स्वीकारली. १९८१ मध्ये सुरू झालेल्या फ्लोरिडातल्या सीसाइड वस्तीचे नियम तर एका तक्त्यावर मावत होते. तक्ता छोटा असणं फायद्याचं, कारण गवंड्यापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे तो वाचतात. त्यात नकाशावर प्रत्येक रस्त्याचा प्रकार दाखवा आणि प्रत्येक प्रकारासाठी एवढंच द्या: बांधकामाची रेषा, मजल्यांची किमान आणि कमाल संख्या, दर्शनी रुंदीचा किती भाग बांधलेला हवा (केंद्रात ८० टक्के, बाकी ६०), पार्किंग कुठे, तळमजल्यावर किती दारं-खिडक्या. वापरांची परवानगी यादी करू नका. काय चालणार नाही तेवढं लिहा. छपराचा रंग, खांबांची शैली यांत शक्ती घालवू नका.

बांधायचा क्रम

पहिल्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजू पूर्ण करा. चार ब्लॉक, मध्ये एक नाका, आणि हे सगळं सध्याच्या बसच्या रस्त्याला जोडलेलं. एकाच बाजूची रांग बांधून समोर पाच वर्षं पत्रे ठेवले तर पहिले रहिवासी पायी चालायची सवयच लावून घेत नाहीत. शेजारच्या जमिनीकडे जाणारे रस्ते हद्दीपर्यंत डांबरीकरणासकट न्या आणि तिथे ठळक पाटी लावा: हा रस्ता पुढे जोडला जाणार आहे. पाटी नसली की तिथे राहायला आलेले लोक त्या टोकाला आपलं अंगण समजतात आणि जोडायच्या वेळी विरोध होतो. चौकाभोवतीच्या मोठ्या इमारती चारेकशे घरं भरल्यावर सुरू करा. तोवर चौकाची फरशी, झाडं आणि दिवे पूर्ण करून तिथे हातगाड्या आणि आठवडी बाजार भरू द्या.

कर्ब ओतण्याआधी प्रत्येक नाक्यावर फक्कीने रेषा मारा. पार्किंगच्या पट्टीत खऱ्या गाड्या उभ्या करा, बंब फिरवून बघा, मग चाकाची खुर्ची आणि बाबागाडी घेऊन त्याच रेषांवरून रस्ता ओलांडा. जिथे बंबाचं चाक रेषेवरून जातं तिथे आधी पार्किंगची जागा मागे सरकवा, थांबण्याची रेषा मागे ओढा, आणि तरीही जमलं नाही तरच त्रिज्या अर्ध्या मीटरने वाढवा.